दाबल्यावर न जाणारे डाग

१. कर्जतजवळ कोंडाणे गावाच्या एका वाडीत धर्मा नावाच्या तरण्या शेतकऱ्याला ताप भरला.
२. उजवा गुडघा सुजला. पायांवर जांभळे डाग उठले. मान मोकळी होती. तो शुद्धीवर होता.
३. देवी आली असे धरून घरच्यांनी दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले. डॉक्टरांना बोलावले नाही.
४. डॉ. दिनकरराव दुसरा रोगी पाहून परतताना त्या दारावरून जात होते. ते थांबले.

डॉक्टरांच्या साठीनिमित्त मी याच प्रसंगाविषयी लिहीत आहे. मुंबईत सूक्ष्मदर्शकाचे काम शिकून मी कर्जतला त्यांच्या दवाखान्यात आले, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "जंतू दिसला नाही तर काय लिहाल?"

"दिसला नाही, असे."

"मग उद्यापासून या."

बाई नेमल्याबद्दल त्यांना पुष्कळ ऐकावे लागले. हे मला इतरांकडून कळले, त्यांच्याकडून कधीच नाही.

धर्माच्या दारी मी त्यांच्याबरोबर होते. त्याची आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "देवी आलीय. सुई लावायची नाय, डाक्तर. ती कोपली तर माजं पोर जाईल."

डॉक्टरांनी वहाणा बाहेर काढल्या, तिची परवानगी घेऊन आत गेले आणि एक डाग बोटाने दाबला. रंग गेला नाही; म्हणजे रक्त कातडीखाली उतरले होते.

"मावशी, डागांना सुई लावत नाही. पण देवी गुडघ्यात उतरलेली कधी पाहिलीत?"

"गुडघ्यात? नाय बा."

"मग गुडघा तेवढा माझा."

"घ्या. पण लिंब काढाल तर बघा!"

"राहू दे. मीही त्याखालूनच आलो."

गुडघ्यातले पाणी गढूळ निघाले. दवाखान्यात काचेवर रंगवून पाहिले, तर पेशींच्या आत जोडीजोडीने कण दिसले: मेनिंगोकॉकस, मेंदूच्या आवरणाचा दाह करणारे जंतू. त्यात मान ताठते, एवढेच मी शिकले होते. मोठ्या माणसांत ते कधी रक्तात आणि सांध्यांत शिरतात व मान मोकळी ठेवतात, हे डॉक्टरांनी दाखवले. मुंबईहून आगगाडीने त्या जंतूंवर टोचायचे सीरम मागवून त्यांनी ते दिले. धर्मा वाचला. गुडघा पुरता वाकत नाही, पण तो नांगर धरतो.

या निदानाचे कोणी कौतुक केले की डॉक्टर म्हणतात, "काचेवर बाईंनी पाहिले." पाहिले मी, दाराशी थांबले ते.

त्यांना दीर्घायुष्य लाभो, आणि पाय धड राहोत, कारण वाड्या डोंगरात आहेत. त्यांना हार आणि शाल नको आहे. प्रत्येक गावात डाग दाबून पाहणारे एक तरी माणूस असावे, एवढीच त्यांची मागणी आहे. पुढच्या वेळी त्या दारावरून ते जात असतीलच असे नाही.

शेलूपासून खोपोलीपर्यंतच्या प्रत्येक गावाने हे शिकायला येणाऱ्या एकाचे नाव दसऱ्यापर्यंत कर्जतच्या दवाखान्यात कळवावे.