दुसऱ्या गिअरातून तिसऱ्यात

आमचे हे गाडीत बसले की तोंडाला कुलूप. म्हणून आमच्या गल्लीतले टायरवाला, पत्रेवाला, रंगवाला सगळे त्यांना मौनीबाबा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि हे हसतात! मला कुणी असं नाव ठेवलं असतं, तर एकेकाची खरडपट्टी काढली असती.

यांचं काम एकच, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ब्रेक, बॅटरी, काच असलं काही घेऊन आलात तर हात जोडून शेजारी पाठवतील. ज्या गाडीत गिअर आपोआप पडायला हवा आणि धड पडत नाही, ती आमच्याकडे. त्यातून ती जुनी असली, परदेशातून आलेली असली, तिला कॉम्प्युटर जोडायची सोयच नसली, तर यांची कळी खुलते. जेवायला हाका मारून माझा घसा बसतो आणि हे आपले गाडीखालून "आलो, आलो" करतात.

तपासायची रीतही जगावेगळी. स्वतः गाडी चालवायची नाही. शेजारच्या सीटवर बसायचं, डोळे मिटायचे, गिअरच्या दांड्याजवळ तळहात टेकवायचा आणि गप्प. मालकालाही चालवू देत नाहीत. म्हणतात, मिस्त्री शेजारी बसला की मालकाच्या हाताला कंप सुटतो, मग गाडीचं दुखणं कुठलं आणि मालकाचं कुठलं ते कळत नाही. तर चालवायची कुणी? मी. लग्न झालं तेव्हा मला सायकल धड येत नव्हती. यांनी शिकवलं, आणि आता या गल्लीत माझ्याइतकी छान गाडी कुणी चालवत नाही. हे मी नाही म्हणत, पत्रेवाला म्हणतो.

एके सकाळी दारात लालभडक, दोन दारांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली. आतून एक पांढऱ्या केसांच्या बाई उतरल्या. दातांच्या डॉक्टर. दवाखाना बंद करून आता घरीच असतात. गाडी त्यांच्या मिस्टरांनी हौसेनं परदेशातून मागवलेली. मिस्टर गेले, गाडी राहिली, आणि बाई ती रोज बाहेर काढतात.

"चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं बोंबलतं," त्या म्हणाल्या. "गाडी पुढे सरकत नाही, आणि मग पाठीत गुद्दा घातल्यासारखा धक्का बसतो. दोन गॅरेजांत दाखवली. दोघंही म्हणाले, गाडीला काही झालेलं नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग मुलगा म्हणतो, आई, गाडीला नाही, तुलाच झालंय. आता पुरे कर." त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली होती. "तुमच्याकडेही काही निघालं नाही तर संध्याकाळी तो इथे येईल आणि मी किल्ली त्याला देऊन टाकेन. तसं कबूल केलंय. पुन्हा म्हणून गाडीला हात लावायचा नाही."

हे सरळ कामाला लागले. इंजिन गरम करून, चालू ठेवून, गिअरच्या तेलाची काडी काढली. तेल लालसर, वास चांगला, पातळी बरोबर. तेलाच्या प्रेशरचं मीटर लावून मला पेडल दाबायला लावलं. दाबलं की काटा वर, सोडलं की खाली, अगदी आज्ञाधारक. मग आम्ही चढावर निघालो. पाण्याच्या टाकीपलीकडे लांबलचक चढ आहे, तिथे भल्याभल्या गाड्यांची खोड कळते. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. अगदी लोण्यासारखे! परत खाली आलो, परत वर गेलो. तेच.

मी आपली खुशीत परत आले. "डॉक्टरीणबाई, काळजी सोडा. गाडी ठणठणीत आहे!"

बाईंचा चेहरा असा उतरला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. गाडी ठणठणीत आहे ऐकून इतकं खचलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे मीच."

मला भरून आलं. खोटं सांगावं का, असंही मनात येऊन गेलं. काहीतरी मोडलंय म्हणायचं, काहीतरी बदललंय म्हणायचं, कोण बघायला येतंय? पण यांच्यासमोर तसं बोलायची सोय नाही. हे गाडीत जाऊन बसलेच होते. म्हणाले, "परत चल."

"अहो, पेट्रोल काय नळाला येतं? किती वेळा तोच चढ?"

यांनी तळहात दांड्याजवळ टेकवला. मी निघाले. अर्ध्या चढावर मला उगाचच चुळबुळ व्हायला लागली, कुणी बघत असलं की होते तशी. वळून पाहिलं तर यांचे डोळे टक्क उघडे! आणि नजर माझ्या पायावर.

"काय बघताय?"

"तू पाय उचलतेस."

"कोण, मी?"

"गिअर पडायच्या आधी. थोडासा. दर वेळी."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. भांडायचं तर नीट थांबून भांडावं. म्हटलं, "इतकी वर्षं तुमची वेडीवाकडी धुडं मुकाट्यानं फिरवली आणि आज माझ्याच पायात खोट काढताय? लाज नाही वाटत?"

"अगं, मीच शिकवलंय ना तुला," हे म्हणाले. "गिअर बदलताना पाय हलका कर, बॉक्सला त्रास होत नाही. माझाही उचलतो. त्या दोन गॅरेजवाल्यांचाही उचलत असणार. आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना ती सवयच लागते. म्हणून आपल्यापैकी कुणालाच दुखणं दिसत नाही. त्या बाई पाय उचलत नसतील."

यांना एका दमात एवढं बोलताना मी लग्न ठरतानाही ऐकलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला. गाडी वळवली ती थेट डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात.

"तुम्ही चालवा," हे त्यांना म्हणाले. आमच्या गॅरेजात असं कधी झालं नव्हतं. पत्रेवाला हातातला हातोडा तसाच धरून बघत राहिला.

मी मागे बसले. मागची सीट म्हणजे नावाला सीट, गुडघे अगदी कानाला लागले. पण बाईंचं चालवणं काय सांगू! मिस्त्री शेजारी आहे म्हणून घाबरणं नाही की घाई नाही. चढ लागला, त्यांनी पेडल दाबलं आणि पाय तिथेच ठेवला. पहिला, दुसरा. पाय जागचा हलला नाही. आणि तिसऱ्याच्या वेळी इंजिननं असा काही टाहो फोडला आणि मागून असा दणका बसला की माझं डोकं छताला आपटलं.

"आई गं!" मी ओरडले.

"बसला ना?" बाई ओरडल्या. "बसला ना धक्का? तुम्हालाही बसला ना वहिनी?"

"बसला म्हणजे? टेंगूळ आलंय!"

"मोडलीय ना मग? खरंच मोडलीय ना?" त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडत होत्या आणि हसतही होत्या. "मी स्वतःचाच भरवसा सोडला होता हो."

यांनी विचारलं, "पाय इतका स्थिर कसा?"

"उभा जन्म दात कोरायच्या मशीनचं पेडल दाबलंय, मिस्त्री. माझा पाय हलला असता तर पेशंटनं खुर्ची सोडून पळ काढला असता."

पुढचं काम यांच्या हातचा मळ. ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. पाय किती दाबलाय ते तिच्यामुळे बॉक्सला कळतं, आणि तेवढं प्रेशर तो देतो. त्या केबलचं बाहेरचं आवरण एका प्लास्टिकच्या क्लिपनं धरलेलं असतं. ती क्लिप चिरली होती. पेडल थोडाच वेळ दाबलं तर धरून राहायची, पण चढावर सारखं दाबून ठेवलं की आवरण हळूहळू सरकायचं, केबल सैल पडायची, प्रेशर उतरायचं आणि गिअर घसरायचा. जरा पाय उचलला की सगळं परत जागेवर. यांनी पितळेची पट्टी कापली, वाकवली, कानस मारून बसवली. बाई पुन्हा चढ चढून आल्या आणि गाडीतूनच आनंदानं हात हलवला. मला इतका आनंद झाला की सगळ्या गल्लीला चहा पाजला.

संध्याकाळी मुलगा आला. चांगला बाप्या माणूस, केस मागे सरकायला लागलेले. आईनं केबलची सगळी कहाणी त्याला ऐकवली. त्यानं ऐकून घेतली, मान डोलावली, आणि मग हळूच यांना बाजूला घेतलं. मी तिथेच होते.

"काका, क्लिपचं कळलं," तो म्हणाला. "पण मला खरं सांगा. आई बाहेर गेली की ती घरी येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. ती गाडी कशी चालवते?"

यांनी फडक्याला हात पुसले. अंगठ्यानं माझ्याकडे खूण केली. "हिच्यापेक्षा चांगली."

पत्रेवाला मागे फिस्सकन हसला. माझ्या कानशिलांतून नुसत्या वाफा निघायला लागल्या. आख्ख्या गल्लीदेखत! घरी चला, म्हटलं, मग बघते. पण मुलगा माझ्याकडे वळला होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, इतका तो काळजीत होता.

"खरं आहे, काकू?"

मी राग गिळला. पलीकडे डॉक्टरीणबाई गाडीला टेकून उभ्या होत्या, किल्ली अजून हातातच.

"खरं आहे," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली चालवते तुझी आई. मी मागे बसून आलेय."

तो गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि मुकाट्यानं पट्टा लावला.