मागे की मागून

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, न्याय मंत्रालयात लघुलेखिका होती. साहेब सांगणार, ती वहीत पेन्सिलीनं लघुलिपीच्या बारीक रेघा आणि हुकासारखे आकडे ओढणार, मग तेच टाइप करून सहीला ठेवणार. सव्वीस वर्षांत तिनं नऊ मंत्री पाहिले. मंत्री बदलला की दारावरची पाटी बदलायची, पडदे बदलायचे, ताईची खुर्ची मात्र जागची हलली नाही. स्वभावानं ती पहिल्यापासून भित्री. लहानपणी पालीला घाबरायची, मोठेपणी साहेबांना. मी तिला चिडवायचे की, तुमच्या मंत्रालयात देशाचे कायदे लिहितात आणि तू रस्ता ओलांडताना माझा हात धरतेस.

नववे मंत्री फार मऊ बोलायचे. आधीचे एक टेबलावर मुठी आपटायचे, त्यांची ताईला भीती वाटायची. पण यांची जास्त वाटायची. का, ते तिलाही सांगता यायचं नाही.

एका दुपारी त्यांनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. पत्र सरकारी वकिलाला होतं. सिमेंटच्या एका कारखान्याचं छप्पर कोसळून अकरा मजूर मेले होते आणि मालकावर खटला चालू होता. मंत्री खिडकीबाहेर बघत सांगत गेले आणि शेवटी म्हणाले, सदर प्रकरण मागे घ्यावे. ताईची पेन्सिल थांबली. खटला मागे घ्यायचा की नाही, हे सरकारी वकिलानं स्वतःच्या अकलेनं ठरवायचं असतं. मंत्रालयानं फार तर सुचवावं, तेही सचिवांची टिपणी झाल्यावर. इतक्या मंत्र्यांच्या हाताखाली एवढं तिला पाठ झालं होतं. तिनं विचारलं, "मागे, साहेब?"

ते म्हणाले, "मागे."

विचारून खात्री केलेल्या शब्दाभोवती गोल काढायची तिची सवय होती. तिनं गोल काढला, पत्र टाइप केलं, सही झाली, पत्र गेलं.

तीन आठवड्यांनी खटला मागे घेतला गेला आणि एकच गदारोळ उठला. मेलेल्या मजुरांच्या बायका वरच्या कोर्टात गेल्या. पेपरात त्या पत्राचा फोटो छापून आला, आणि खालच्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची म्हणून ताईची आद्याक्षरं. मंत्र्यांनी हात वर केले. आपण 'प्रकरण मागून घ्यावे' असं सांगितलं होतं, म्हणजे कागद वाचायला मागवा; टाइप करणाऱ्या बाईंनी 'मागे' केलं, असं त्यांचं म्हणणं. चौकशीला एक निवृत्त न्यायाधीश नेमले गेले. भावोजींनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. ताईनं त्यांच्या हातातून पेपर घेतला आणि घडीवर घडी घालत बसली, पार चिठ्ठीएवढा चौकोन होईपर्यंत.

त्याच दुपारी मंत्र्यांचे पी.ए. तिच्या टेबलाशी आले. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'लोणी' म्हणायचे. त्यांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली. लघुलेखनात 'न' म्हणजे रेघेच्या टोकाला एवढासा आकडाच ना, तो टाइप करताना सुटतो माणसाच्या नजरेतून, असं म्हणाले. झालीच तर एक लेखी ताकीद होईल, पेन्शनला धक्का नाही. वही अजून तिच्याच ताब्यात आहे आणि लिखाण पेन्सिलीचं आहे, हेही त्यांनी सहज बोलल्यासारखं बोलून दाखवलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "तुमची मुलगी कोर्टात लागली ना नोकरीला? अजून प्रोबेशनवरच असेल, नाही?"

ताईनं मान हलवली. त्या संध्याकाळी ती वही पर्समध्ये घालून घरी घेऊन आली.

नंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात भलताच प्रकार चालला. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं. ताईनं ती वही आधी शिवणयंत्राच्या खणात ठेवली, मग गादीखाली, मग तांदळाच्या डब्यात. एकदा तर कुठे ठेवली हे तीच विसरली. आम्ही तिघांनी घर उलथंपालथं केलं, तेव्हा ती मी शाळेत शिकवते त्या चौथीच्या मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्यांत निघाली. फोन वाजायचा आणि पलीकडे कुणी बोलायचं नाही. समोरच्या बसथांब्यावर छत्रीवाला एक माणूस उभा असायचा. तीन-तीन बसगाड्या जायच्या, हा चढायचा नाही. कदाचित तो बिचारा कुणाची तरी वाट बघत असेल. पण ताईनं त्या बाजूची खिडकी उघडणं सोडलं. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी तिला ओकारी यायला लागली.

भावोजींचं चष्म्याचं दुकान आहे, माणूस सरळ. ते म्हणाले, "आकडा घाल आणि मोकळी हो. तुझी चूक नाही हे मला माहीत आहे, तेवढं पुरे." मला सांगायला लाज वाटते, पण मीही त्यांचीच री ओढली. भाची म्हणाली, माझ्या नोकरीसाठी म्हणून घालू नकोस, तुला वाटलं तर घाल. त्यानं ताईचं ओझं कमी झालं नाही, वाढलंच.

एका रविवारी दुपारी तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि वही पुढ्यात घेऊन बसली. मी समोर होते. तासभर ती त्या एका रेघेकडे बघत होती. शेवटी तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "हात थरथरतोय गं. आकडा वेगळा दिसेल, पकडतील." तिनं तो घातला नाही तो हात थरथरला म्हणून की मन धजेना म्हणून, हे मला आजही ठाऊक नाही. मी कधी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती सचिवांकडे गेली. मंत्री येतात-जातात, खातं चालवतात ते सचिवच, असं ती नेहमी म्हणायची. सचिवांनी आधी उठून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "चौकशीत वहीत जे लिहिलंय तेच वाचा. आणि हे मी सांगितलं असं कुठे बोलू नका."

घरी येऊन ती पायऱ्यांवरच बसली. म्हणाली, "वरपासून खालपर्यंत सगळेच घाबरलेत. मग चालवतंय कोण?"

चौकशीच्या दिवशी मी शाळेतून रजा घेऊन तिच्याबरोबर गेले. खोली लहान होती, खुर्च्या कमी होत्या. न्यायाधीश म्हातारे, कानात यंत्र घातलेले. त्यांनी तिला वहीतून वाचायला सांगितलं. ताईनं पत्र सुरुवातीपासून वाचलं आणि त्या शब्दावर आली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला की न्यायाधीशांनी यंत्राला हात लावून पुन्हा वाचायला लावलं. "मागे," ती म्हणाली.

मंत्र्यांचा वकील उठला. त्यानं वही हातात घेतली, गोलावर बोट ठेवलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला की, शब्द नीट ऐकू आला नाही तर लघुलेखक अशी खूण करतात, हो ना? त्यानं दार उघडंच करून दिलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर ताई सुटली असती, तिची मुलगी सुटली असती. मी मागच्या खुर्चीवर होते. टेबलाखाली तिची टाच जमिनीवर टकटक आपटत होती. मला वाटलं, आता ही हो म्हणणार. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

"काही जण तसं करतात," ताई म्हणाली. "मी विचारून खात्री झाली की गोल काढते. मी विचारलं होतं, मागे, साहेब? ते म्हणाले, मागे."

न्यायाधीशांनी वही मागून घेतली आणि एकेक पान उलटत आणखी गोल मोजले. चौदा निघाले. ते चौदा शब्द आणि त्या-त्या पत्रांच्या प्रती पुढच्या आठवड्यात ताडून पाहिल्या गेल्या. एकही चुकीचा निघाला नाही. पण त्या दिवशी त्यांनी शेवटी विचारलं की, तुमच्यावर कुणी दबाव आणला का? ताई म्हणाली, नाही. लोण्याचं नाव तिनं घेतलं नाही. मुलीचं प्रोबेशन संपायला चार महिने होते.

अहवाल यायला पाच महिने लागले. खटला पुन्हा उभा राहिला, अजून चालू आहे. मंत्र्यांना मत्स्यखात्यात हलवलं. मासे तरी उलटून बोलणार नाहीत, असं भावोजी म्हणाले. भाचीचं प्रोबेशन कारण न देता सहा महिने वाढवलं, मग कायम केलं. ताईची बदली तळमजल्यावरच्या ग्रंथालयात झाली. ती शिक्षा होती की दया, कुणी सांगितलं नाही.

दहावे मंत्री म्हणजे एक बाई होत्या. त्यांनी तिचं नाव ऐकलं होतं, म्हणून लघुलेखनासाठी मुद्दाम पुन्हा वर बोलावून घेतलं. ताई वही घेऊन बसली. पण पहिल्या दोन ओळींतच हात इतका कापायला लागला की रेघा एकमेकींत गेल्या. मंत्रीबाई थांबल्या, सावकाश सांगते म्हणाल्या. ताईनं माफी मागितली आणि स्वतः अर्ज करून ग्रंथालयात परत गेली.

तिथे ती चार वर्षं होती. जुन्या निकालांचे खंड पुसून लावायचे, कुणी मागितला तर काढून द्यायचा. निवृत्तीच्या दिवशी ग्रंथपालांनी तिला खुर्चीवर बसवून फोटो काढला. त्यात ती कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला, दाराकडे बघते आहे. भावोजी म्हणतात, कुणीतरी आत आलं असेल.