साडूंचा पांढऱ्या मानेचा सुतार

माणसाला तोंडाकडून ओळखायचं असतं, हे माझ्या थोरल्या साडूंना आजवर कुणी सांगितलेलंच नसावं. हिवरखेडला त्यांची संत्र्याची बाग आहे. पण जीव सगळा पलीकडच्या जंगलातल्या सुतार पक्ष्यात. सोनेरी पाठीचे सुतार तिथं दोन, दिसायला जवळपास सारखे. बागेत येणाऱ्याची मान मागून काळी, जंगलातल्याची पांढरी. तेवढ्यासाठी साडू गळ्यात दुर्बीण अडकवून, पक्ष्यानं पाठ फिरवायची वाट पाहत सागाखाली तासन्‌तास उभे राहतात. पुढं ही सवय माणसांनाही लागू झाली. अकोल्याच्या एका लग्नात त्यांनी पुढच्या खुर्चीतल्या मानेवर सणसणीत थाप मारली; वळून पाहिलं ते नवरदेवाच्या आजोबांनी. "मान तर तुमचीच होती," असं नंतर साडू मलाच सुनावत राहिले.

जेवतानाही विषय तोच. लाल शेंडी नराची, पिवळी मादीची, हे वरणावर तूप पडायच्या आत सांगून होई. एकदा रंगात येऊन म्हणाले, "रातभर अंड्यायवर नरच बसते, साडभाऊ. मादीले पूर्ण आराम." भाकरी वाढणाऱ्या ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, थांबल्या.

"मंग आपल्या पोरीच्या वक्ती तुमी कुठं उडाले होते?"

साडू ताटात बघत राहिले. मीही. मला दोन मुलं आहेत.

पुढच्या हिवाळ्यात तीच लेक बाळंतपणाला माहेरी आली, आणि साडूंनी रात्रपाळी आपली असल्याचं जाहीर केलं. दूध पाजण्यापुरतं बाळ लेकीकडे, बाकी रात्र यांच्या छातीशी. ताईंना खोलीत यायची बंदी. रडण्याचेही त्यांनी प्रकार पाडले, भुकेचं, पोटदुखीचं, नुसत्या हट्टाचं, आणि ओळखण्यात बहुतेक वेळा चुकले. ताई बाहेरून दुरुस्त्या सांगत. पण एकाही रात्री त्यांनी बाळ ताईंकडे दिलं नाही.

लेक पुण्याला परत गेल्यावर मी हिवरखेडला गेलो. साडू जंगलात गेले होते. अजूनही रात्री दचकून उठतात, म्हणाल्या ताई. रिकामे हात छातीशी धरून खाटेवर बसून राहतात. त्या जुन्या प्रश्नाचं काही उत्तर दिलं का, मी भीतभीतच विचारलं.

"नाई," ताई म्हणाल्या. "ते उठले का मीबी उठून बसतो बाजूले."