कच्चं सोयाबीन

सुनंदानं डालगं उचललं आणि खालची कोंबडी माझ्या हातात दिली. पाठ उघडी पडलेली. छातीचं हाड बोटांना टोचत होतं.

"लई झुरून राहिल्या, डाक्टरसाब. एकमेकींची पिसं तोडून खातेत. अंडी बी फोडतेत."

औसा तालुक्यातल्या त्या गावात मी जनावरांच्या लसीकरणाला गेलो होतो. पत्नी गेल्यानंतरची रजा संपवून नुकताच कामावर आलो होतो आणि बोलणं शक्य तितकं टाळत होतो. सुनंदाच्या सासूबाई पार्वतीबाई मात्र माझ्याही वाटचं बोलत होत्या.

"मी सांगितलंय हिला, येत्या बाजाराला इकून टाक. नसती झंझट!"

"माज्या आईच्या हायत त्या, आत्याबाई."

तिचं माहेर नायगावकडचं. आई वारल्यावर तिथून दोन कोंबड्या तिनं आणल्या होत्या. ही त्यांचीच पिलावळ. आईकडचं दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि बसलो.

आधी रोग पाहिले. मानमोडीची लस वेळेवर झाली होती. पिसांत उवा नव्हत्या. जंताचं औषधही दिलेलं होतं. म्हणजे प्रश्न खाण्याचा होता. मोकळी कोंबडी किडे, अळ्या, वाळवी टिपते. पिसं आणि अंडी घडवायला लागणारं प्रोटीन तिला त्यातूनच मिळतं. पण पेरणीनंतर शेजाऱ्यांचं रान उकरू नये म्हणून या कोंबड्या डालग्याखाली बंद होत्या.

"ज्वारीशिवाय काय घालता?"

"मोबाइलमधी सुकट द्या म्हणत होते. पण आत्याबाई माळकरी."

"माज्या अंगणात मासळी यायची न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या.

"आन् कोंबड्या किडं खातेत ते चालतंय व्हय?"

"ते त्यांचं त्या बघतेत. मी काय ताटात वाढून देत न्हाई!"

मला हसू आलं. ते आपल्याला अजून येतं, याचं जरा नवल वाटलं.

"मग सोयाबीन घातलं," सुनंदा म्हणाली. "घरचंच हाय. त्यात तर लई प्रोटीन असतंय म्हणतेत."

"भाजून?"

"न्हाई. कच्चंच, भिजवून."

इथंच घोळ होता. कच्च्या सोयाबीनमध्ये एक घटक असतो, तो प्रोटीन पचूच देत नाही. चांगली उष्णता लागली की तो निकामी होतो. सुनंदा जितकं जास्त घालत होती, तितक्या कोंबड्या खंगत होत्या.

"सोयाबीन चांगलं खरपूस भाजा, मग भरडा. चार मुठी ज्वारीच्या भरड्यात एक मूठ. वर थोडी तिळाची पेंड. आणि संध्याकाळी घटकाभर मोकळ्या सोडा, नजरेसमोर."

"ह्यात मासळी न्हाई ना?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"नाही, मावशी. पण या बाजाराला नेऊ नका. आत्ता हाडांशिवाय काही विकलं जायचं नाही."

हे त्यांना पटलं. "बरं. राहू दे पोळ्यापस्तोर," त्या म्हणाल्या.

पोळा झाल्यावर त्या गावी पुन्हा जाणं झालं. कोंबड्यांच्या पाठी नव्या पिसांनी झाकल्या होत्या. कोपऱ्यातल्या टोपलीत एक खुडूक कोंबडी अंडी उबवत बसली होती. सुनंदा मला ती दाखवायला वाकली, तर पार्वतीबाई चुलीपुढून ओरडल्या, "उठवू नगंस तिला! आन् डाक्टर, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई." कढईत सोयाबीन त्याच परतत होत्या.

चहा घेतला. दुसरा कपही घेतला.

इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर पशुपालकांना एवढंच सांगेन : दाण्यात प्रोटीन किती, हे नंतर विचारा. ते अंगी लागेल का, हे आधी.