सरडीचं बाळंतपण

आता काय सांगू तुम्हाला, आजवर मी पुष्कळदा माती खाल्ली, पण सरड्यांच्या बाबतीत खाल्ली तेवढी कधीच नाही. चहा घ्या, निवतोय. तुम्ही खुशाल हसा, मला मात्र अजून हसू येत नाही.

मी दुबईजवळ उम्म अल कुवैनला एका अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, व्हिलावर कामाला. झाडांना पाणी, गाडी धुणं, सगळं माझ्याकडे. त्याला सरडे पाळायचा नाद. आपल्या कुंपणावरचे नव्हेत हो, डोक्यावर तुरा असलेले, रंग बदलणारे.

मादीने अंडी घातलेली. त्यातून पिल्लं निघायच्या वेळेलाच अरबाब दहा दिवस परदेशी निघाला. जाताना म्हणाला, "बच्चे सब जिंदा रहे, तो ईद के बाद तेरी छुट्टी पक्की. इन्शाल्ला."

सुट्टी म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझी मुलगी सात महिन्यांची झाली होती आणि मी तिला फक्त फोनवर पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. एकवीस. करंगळीएवढी. अरबाबाला फोन लावला.

"हर एक को अलग डब्बे में रख. अलग. समझा?"

"समझा, अरबाब."

समजतंय कसलं डोंबल! ठेवली खरी जाळीच्या डब्यांत, पण बघवेना. प्रत्येक जण आपली एक काडी धरून एकटा बसलेला. आमच्याकडे बाळाला क्षणभर एकटं सोडतात का? खोलीत कुणी ना कुणी असतंच, वर उशाखाली विळा. आणि इथे जन्मल्या जन्मल्या एकेकाला कोठडी? मी वर्षभर पत्र्याच्या खोलीत एकटा झोपतोय, ते काय असतं मला ठाऊक आहे.

मग मी शहाणपणा केला. मोठ्या पिंजऱ्यात सगळी एकत्र सोडली. बाळांना वारा लागू नये म्हणून एसी बंद केला, खिडकीला चादर लावली. आणि त्यांच्या आईला उचलून मध्ये ठेवली. आईशिवाय कसलं बाळंतपण?

तिचा एक डोळा एका पिल्लावर, दुसरा दुसऱ्यावर. म्हटलं, बघा, माया आहे मुक्या जिवाला. डोळे भरून आले माझे.

जेवून परत आलो तर अकराच उरलेली. आईच्या तोंडाबाहेर एक शेपूट लोंबत होतं.

आईला लगेच बाहेर काढली. आठवड्याने अरबाब आला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने नुसतं विचारलं, "ग्यारह?"

"माँ को साथ रखा था, अरबाब."

"क्यूँ?"

"माँ है ना."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग सांगितलं त्याने, यांच्यात आई अंडी घालते आणि चालू लागते. पुढे पिल्लू दिसलं तरी तिला ते किड्यासारखंच. "छुट्टी अगले साल देखेंगे," म्हणाला. "खलास."

संध्याकाळी बायकोला फोन केला. सुट्टी गेल्याचं सांगितलं आणि तिला वाईट वाटू नये म्हणून सरड्यांचा किस्सा रंगवायला लागलो.

"अगं, गंमत म्हणजे त्या पिल्लांना बाप लागतच नाही. बाप कोण, कुठे असतो, त्यांना पत्ता नसतो. तरी वाढतात."

तिच्या मांडीवर मुलगी कुरकुरत असलेली मला ऐकू येत होती.

"मग आपली तरी काय वेगळी वाढतेय?" ती म्हणाली.