उरलेल्या पाण्याचे स्तंभ

सातवीला स्तंभालेख शिकवताना पुस्तकातली आंब्याच्या पेट्यांची उदाहरणं मला नको होती. घोटावड्याकडच्या एका कंपनीनं मुलांना एकसारख्या बाटल्या वाटल्या होत्या. म्हटलं, सकाळी सगळ्यांनी त्या काठोकाठ भरायच्या आणि शाळा सुटताना उरलेलं पाणी फूटपट्टीनं मोजायचं. आठवडाभर मोजलं. तक्त्यावर मुलांचे स्तंभ निळे, मुलींचे लाल.

निळे जेमतेम बोटभर झाले. लाल थेट वर गेले.

"साधं मोजता येत नाही का गं तुम्हाला?" मी वैतागले. मुली खाली मान घालून बसल्या. शेवटी पहिल्या बाकावरची पुटपुटली, "बाई, पाणी प्यालं की जावं लागतं. अन् किल्ली सरांकडं हाय."

ही मुलगी मागच्याच आठवड्यात पोटात कळा येऊन घरी गेली होती. भरपूर पाणी पीत जा, म्हणून डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. मुलींचं नवं स्वच्छतागृह त्याच कंपनीनं बांधून दिलेलं. ते मधल्या सुट्टीत उघडतात, असं मी धरून चालले होते. पण कंपनीचे पाहुणे बघायला येईपर्यंत फरशी चकचकीत राहावी म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी त्याला कुलूप घातलं होतं. ऑफिसात सगळ्यांदेखत किल्ली कोण मागणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तडक सरांकडे गेले.

"उद्या पाहुणे येऊन जाऊ द्या, मग उघडू," ते म्हणाले. "आणि तो तक्ता काढा आधी."

मी काढला नाही. वरिष्ठांचं न ऐकण्याची मला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी दारात थांबली तेव्हा तक्ता भिंतीवरच होता.

पाहुण्या बाई नेमक्या तक्त्यापुढे थांबल्या. "मुलींचं पाणी एवढं का उरतं?"

सरांनी माझ्याकडे डोळे वटारले. तेवढ्यात तीच मुलगी उभी राहिली.

"कुलूप आसतं म्हणून आमी पीत न्हाई."

सरांनी खिशातून किल्ली काढली आणि पाहुण्यांना स्वच्छतागृह दाखवायला म्हणून माझ्यापुढे धरली.

"तिच्याकडे द्या," मी म्हणाले.

तिनं किल्ली घेतली आणि चालू लागली. तिच्यामागे वर्गातल्या सगळ्या मुली उठल्या. पाहुण्यांना बराच वेळ बाहेर थांबावं लागलं.