बिनपावडरचा गूळ

माझ्या वेबसाइटवर सगळ्यात वर एका जुगाराच्या कंपनीची जाहिरात लुकलुकायची. जागा फुकट मिळालेली, त्यामुळे ती सोसावी लागे. तिच्याखाली काकांचा फेट्यातला फोटो, त्याखाली गुळाची ढेप, आणि ढेपेखाली मी इंग्रजीत लिहिलेली चार वाक्यं. त्यातलं दुसरं वाक्य होतं : या गुळात कसलीही पावडर नाही. त्या वाक्याची आठवण झाली की आजही माझी कानशिलं तापतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वडील फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात स्थिरावले होते. त्यांच्या बदल्यांमागे फिरत माझं सगळं शिक्षण छावण्यांमधल्या इंग्रजी शाळांत झालं होतं. गावी गेलं की माझं मराठी ऐकून चुलतभावंडं हसायची, म्हणून मी बोलणंच कमी केलं. काका मला मड्डम म्हणत. "मड्डम, च्या घेनार का टी?" हे ते दर वेळी विचारत आणि दर वेळी नुकतंच सुचल्यासारखे हसत.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. सांगलीच्या बाजूला कृष्णाकाठी त्यांचा ऊस आणि स्वतःचं गुऱ्हाळ. मी साताऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासमध्ये इंटरनेट आलं आणि परदेशात गेलेले मराठी लोक तिथे काय काय लिहितात ते मी वाचू लागले. आईला पुण्यात चांगला गूळ मिळत नाही, सगळीकडे पावडरचा पिवळाधमक गूळ, अशी तक्रार त्यांच्यातले बरेच जण करायचे. मला वाटलं, गुऱ्हाळ आपल्या घरचं आहे. मुलांनी तिकडून मेल पाठवावी, आईला इकडे गूळ पोचावा.

गावी सोप्यात सगळे बसलेले असताना वडिलांनी हे काकांना सांगितलं. मी शेजारी बसले होते.

"गूळ काम्पुटरात घालायचा म्हंजी मुंगळं लागत्याल की!" काका म्हणाले, आणि सोपा हसला. मग त्यांनी विचारलं, "फोटू येनार का माजा?"

"येईल," मी म्हणाले.

"मग करा."

भांडवल असं काही नव्हतंच. फोटो सांगलीच्या एका स्टुडिओत स्कॅन करून फ्लॉपीवर आणले. खोकी औषधांच्या दुकानातून मागून आणली. आजोबांच्या जुन्या धोतरांच्या कापडात पार्सलं शिवली. पोस्टात तशीच घेत. क्लास सुटल्यावर तासभर मशिन वापरायची परवानगी होती, त्यात मेल बघायची. आजोबा म्हणजे आईचे वडील, त्यांच्या मागे राहिलेली ती धोतरं तिने जपून ठेवली होती. तिने ती न विचारता काढून दिली, एवढंच या धंद्यात कुणी मला दिलेलं.

खरं काम गुळव्याचं होतं. गुऱ्हाळावर रस उकळायला लागला की मालकाला काही कळत नाही, कळतं ते गुळव्याला. पाक कधी उतरवायचा हे तो पाण्यात बोटं बुडवून, पाकाची गोळी करून ठरवतो. आमच्या गुळव्याला सगळे मामा म्हणत. साठीचा, बारीक माणूस, हातावर भाजल्याचे जुने डाग. बाजारात पिवळ्या गुळाला भाव, म्हणून काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, पांढरी पावडर टाकायची रीतच पडली होती. मी त्यांना विचारलं, पावडरीशिवाय होईल का?

"न व्हायला काय झालं?" ते म्हणाले. "माजा बा काय पावडर टाकत हुता व्हय? भेंडीचं पानी घालायचं. मळी आपसूक वर येती. पर रंग काळपट येनार, ताई. तवा म्हनू नगा."

रानभेंडीची झाडं त्यांनी स्वतः उपटून आणली, ठेचून भिजत घातली. त्या बुळबुळीत पाण्याने मळी वर आली तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. गूळ निघाला तो विटकरी, मऊ, वासाचा. साताऱ्याला परत येऊन मी ते दुसरं वाक्य लिहिलं. मामांनी नंतर विचारलं, माझ्याबद्दल काय लिवलं? मी सांगितलं, तुमच्या हातच्या गुळाचं लिहिलंय. त्यांनी हात धोतराला पुसले.

मेल येऊ लागल्या. काकांनी पानाची छापील प्रत घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि सोसायटीत, लग्नात, एसटी स्टँडवर दाखवू लागले. ते इंग्रजीतलं त्यांना वाचता येत नव्हतं. फोटो पुरेसा होता. गूळ गावातून कापडात गुंडाळूनच यायचा, घरी मी फक्त खोक्यात भरून वरून कापड शिवायची. मी गाठ सोडून बघितलं नाही. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

संक्रांतीनंतर पुण्याहून एका आजींचं आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर जुन्या वळणाचं. त्यांनी लिहिलं होतं : "मुलाने तिकडून फोनवर तुमचे पान वाचून दाखवले. पावडर नाही हे त्याने दोनदा वाचले. तुमचा गूळ हळदीसारखा पिवळा आहे आणि जिभेला खारट लागतो. माझे माहेर कराडकडचे, मला गूळ कळतो. मुलाला मी काही सांगितलेले नाही. त्याला वाईट वाटेल."

रविवारची पहिली एसटी पकडून मी गावाला गेले. घरी न जाता थेट गुऱ्हाळावर. मामा चुलाणाजवळ बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चार चिपाडं जाळात सारली.

"दोन काहिली केल्या तशा," ते म्हणाले. "तिसऱ्या टायमाला मालक म्हनलं, बास. येगळी काहील लावायला येळ कुनाला हाय? बाजारच्या मालातलंच भरून दिलं."

"मला का नाही सांगितलं?"

त्यांनी मान वर केली. "सांगून तुमी काय करनार हुता, ताई?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला काकांचा राग आला त्याहून जास्त या प्रश्नाचा आला.

घरी काका जेवत होते. वडील आदल्या दिवशीच गावी आलेले, तेही पंगतीला. मी उभ्यानेच म्हणाले, "काका, तुम्ही पावडरचा गूळ भरून दिलात. मी लिहिलंय, पावडर नाही."

"मग पूस की," काका म्हणाले. "काम्पुटरवर पुसायला रबर लागतंय व्हय?"

सगळे हसले. काकू हसली. वाढायला वाकलेली वहिनी हसली.

"लोकांना खोटं सांगितलं आपण."

"कोन लोक? पिवळा दिसतोय तवर लोक घेत्यात. लय शानी झालीस. आमच्या चार पिढ्या गूळ करत्यात, तू चार दिस काम्पुटर शिकलीस."

वडील ताटाकडे बघत होते. परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले, "त्यांचं रान, त्यांचं गुऱ्हाळ. मोठा भाऊ आहे."

दुसऱ्या दिवशी मी पान बदललं. दुसरं वाक्य काढून तिथे लिहिलं की पाठवलेल्या गुळात पावडर होती. सगळ्या गिऱ्हाइकांना तशा मेल पाठवल्या. यातलं काहीच गावच्या घरात कुणाला कळलं नाही, कारण सगळं इंग्रजीत होतं. आधी मला ते सोयीचं वाटलं. मग त्याचीच चीड आली. ज्या भाषेत छापलेलं माझं खोटं त्या घरात कुणी वाचलं नव्हतं, तिच्याच आड उभी राहून मी आता खरंही बोलत होते.

आजींना इंग्रजी चालणार नव्हतं. मी पोस्टकार्ड आणलं. आंतर्देशीय पत्र मिळत होतं, पाकीट मिळत होतं. मी कार्ड घेतलं, ते मुद्दाम. मराठीत मी त्याआधी कुणालाच पत्र लिहिलं नव्हतं. दोन कार्डं खराब झाली. तिसऱ्यावर लिहिलं :

"आजी, तुमचे बरोबर आहे. त्या गुळात पावडर आहे. नाही असे मी लिहिले होते. पहिल्या दोन वेळा नव्हती, नंतर माझ्या काकांनी बाजारचा गूळ दिला आणि मी न बघता पाठवला. तुमच्या मुलाला हे सांगा. वाईट वाटले तरी सांगा."

त्या दिवशी काका जीपने साताऱ्याला येणार होते, गुळाची नवी गाठोडी घेऊन. मी कार्ड बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर आजींच्या उघड्या पत्राशेजारी ठेवलं, मजकूर वर करून, आणि आत जाऊन चहा टाकला. 

मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा आजींचं पत्र काकांच्या मांडीवर होतं आणि कार्ड हातात. ते ओठ हलवत वाचत होते. या वेळी त्यांनी च्या का टी ते विचारलं नाही.

"हे टाकनार तू?"

"हो."

"कार्डावर? पोस्टमन वाचंल, शेजारीपाजारी वाचत्याल. त्या बाईचं माहेर आपल्या बाजूचं. चार ठिकानी बोलंल ती." त्यांनी वडिलांकडे बघितलं. "पोरीला एवढं तरी सांग. निदान पाकिटात घाल म्हनावं."

वडील उठले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी टेबलाचा खण उघडला, एक कोरं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. काका माझ्यावर हसले त्याचं मला इतकं लागलं नव्हतं. फौजेत इतकी वर्षं काढलेला माणूस, आणि शेवटी त्याने मला काय काढून दिलं, तर पाकीट.

काकांच्या हातातून मी कार्ड घेतलं. "नाही," म्हणाले. चपला घातल्या. मागे काका जीपवाल्या पोरांना म्हणत होते, "गाठोडी परत जीपमदी टाका रं. ह्या घरात गूळ ठेवू नगा."

कोपऱ्यावर लाल पेटी होती. मी ती ओलांडून पोस्टातच गेले आणि कार्ड खिडकीतून आत दिलं. आतले गृहस्थ माझी कापडी पार्सलं नेहमी घेत, मला ओळखत. मी त्यांच्याशी आजवर "किती" आणि "थँक्यू" एवढंच बोलले होते. त्यांनी कार्ड पत्ता बघायला उलटं केलं, मग सुलटं केलं आणि सावकाश वाचलं. मी त्यांना वाचू दिलं.

"गुळात पावडर टाकतात होय?" त्यांनी विचारलं.

"टाकतात."

"कुठल्या गुऱ्हाळात?"

माझ्या मागे रांगेत दोन माणसं उभी होती. एरवी मी कुजबुजले असते.

"आमच्या," मी म्हणाले.